डॉ. जॉन्सन आणि मंत्रचळाचे मोजमाप

इंग्रजी भाषेला १७५५ मध्ये बेचाळीस हजारांहून अधिक शब्दांचा कोश देणारे डॉ. सॅम्युअल जॉन्सन लंडनच्या रस्त्याने चालू लागले, की वाटेतल्या खांबांना हात लावीत जात. एखादा खांब चुकला, तर मागे फिरून त्याला स्पर्श करीत. दारातून जाताना पावले मोजलेली असत. उंबरठ्यावर ठरावीक पाऊलच आधी पडावे लागे. हिशेब चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. चरित्रकार जेम्स बॉस्वेल यांनी दारातले हे वागणे बारकाईने टिपले, पण कारण विचारण्याचे धाडस ना त्यांनी केले, ना अन्य मित्रांनी. एका मुलीने मात्र त्यांच्या विचित्र हातवाऱ्यांबद्दल विचारले. वाईट सवय, एवढेच उत्तर तिला मिळाले.

मोकळेपणाने सांगण्याचा प्रयत्न त्यांनी तरुणपणी एकदा केला होता. १७०९ मध्ये लिचफिल्डच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्मलेल्या जॉन्सन यांची दृष्टी गंडमाळेने अधू झालेली. पैशांअभावी ऑक्सफर्डही सुटले. १७२९ मध्ये तीव्र विषादाने ग्रासलेले असताना त्यांनी आपली लक्षणे लॅटिनमध्ये लिहून काढली आणि धर्मपिता असलेल्या डॉ. स्विनफेन यांच्या हाती दिली. लेखन इतके मार्मिक होते, की डॉक्टरांनी ते कौतुकाने इतरांनाही दाखविले. जॉन्सन दुखावले गेले. हा संबंध पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही.

रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून मंत्रचळ मोजणाऱ्या प्रश्नावल्या विसाव्या शतकात आल्या. लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयाचे नाव लाभलेली, हॉजसन व रॅकमन यांची १९७७ ची प्रश्नावली ३० विधानांची. प्रत्येकापुढे खरे किंवा खोटे एवढेच लिहायचे. वारंवार तपासणे, धुणे, संथपणा, शंका यांचे गुण त्यातून निघतात. मात्र रुग्ण जे कबूल करील, तेवढेच त्या कागदावर उतरते. १९८९ च्या येल-ब्राऊन मापनश्रेणीत तज्ज्ञ स्वतः मुलाखत घेऊन शून्य ते चाळीस गुण देतो. जॉन्सन यांच्या हालचालींत पुढे काही डॉक्टरांना टुरेट विकाराचीही लक्षणे दिसली. अर्थात, हे सर्व निदान इतरांच्या नोंदींवरून.

१३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन यांचे निधन झाले. त्याच्या काही दिवस आधी त्यांनी कागदपत्रांचे ढीग जाळले. त्यात आत्मवृत्ताच्या दोन वह्याही गेल्या. बॉस्वेल यांनी त्या पूर्वी एकदा चोरून चाळल्या होत्या आणि तसे जॉन्सन यांच्यापाशी कबूलही केले होते.