सरखेल कान्होजी आंग्रे

आमच्या महाळुंग्याहून समुद्र दिसत नाही. तथापि मराठी आरमाराचा दरारा वाढविणाऱ्या या पुरुषाचे कूळ मावळातील आंगरवाडीचे, असे परंपरा सांगते. मूळ आडनाव संकपाळ. वाडीवरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवछत्रपतींच्या चाकरीत होते.

छत्रपती राजारामांच्या काळात कान्होजींचे कर्तृत्व पारखून त्यांस ‘सरखेल’ हा किताब देण्यात आला. पुढे ते ताराराणींच्या पक्षात राहिले व १७१३ साली चालून आलेल्या बहिरोपंत पेशव्यांस त्यांनी कैद केले. तरीही शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांकरवी तह करून सरखेली त्यांच्याकडेच ठेवली. प्रतिपक्षाचाही गुण ओळखणे यास आम्ही खरी गुणग्राहकता म्हणतो.

१७१८ साली खांदेरीवर आलेले इंग्रज आणि १७२१ साली कुलाब्यावर आलेले इंग्रज व पोर्तुगीज यांस त्यांनी हात हालवीत परत पाठविले. १७२९ साली अलिबागेस त्यांचा देहान्त झाला.

स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईच्या तळास ‘आंग्रे’ हे नाव दिले. १९६८ साली व पुन्हा २०१९ साली पाणबुडीस ‘खांदेरी’ हे नाव लाभले.

सरखेल आपल्या ज्ञातीचे, याचा अभिमान आम्हांस आहेच. परंतु त्यांच्या गलबतांवर झुंजणाऱ्या कोळी-भंडारी बांधवांस किताब मिळाले नाहीत. पाणबुडीतील नौसैनिकही असेच दृष्टीआड राहून राखण करतात. मंडळाच्या सत्कारसमारंभात शाल पांघरताना अशा अनामिकांचे स्मरण प्रथम व्हावे, एवढीच आमची विनंती.