कुवेतचा शेख मुबारक

इराणच्या आखाताच्या अगदीं माथ्याशीं नकाशांत पाहिलें म्हणजे कुवेत हें चिमुकलें राज्य सांपडतें. आज खनिज तेलामुळें त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. पण सव्वाशें वर्षांपूर्वीं तेथें मातीच्या घरांचें एक बंदर, मोत्यें काढणारे पाणबुडे व मुंबईपर्यंत खजूर घेऊन येणारीं गलबतें, याहून फारसें कांहीं नव्हतें. अशा गांवासाठीं इंग्लंड, जर्मनी, रशिया व तुर्कस्तान हीं बलाढ्य राज्यें एकमेकांकडे संशयानें पाहूं लागलीं, आणि त्या संशयाचाच आधार घेऊन ज्यानें आपलें राज्य राखलें तो पुरुष म्हणजे शेख मुबारक अस्सबाह.

त्याच्या कारकीर्दीचा आरंभ मात्र रक्तानें माखलेला आहे. त्याचा भाऊ महंमद हा शेख होता व कारभारांत जर्राह हा दुसरा भाऊ त्याचा उजवा हात होता. मुबारकच्या वांट्याला वाळवंटांतील टोळ्यांचा बंदोबस्त आला होता, आणि त्यासाठीं लागणारा पैसा भाऊ हात आंखडून देत. १८९६ च्या मे महिन्यांत एका रात्रीं त्या दोघांचाही वध करून मुबारक गादीवर बसला. त्याच्या पुढील कर्तृत्वाचें कितीही कौतुक केलें तरी हा डाग पुसला जात नाहीं, व चरित्रकारानें तो पुसूंही नये.

मृतांचीं मुलें बसऱ्याकडे पळालीं. यूसुफ अल्-इब्राहिम नांवाचा एक गडगंज व्यापारी त्यांचा आप्त होता. त्यानें त्यांची बाजू घेऊन मुबारकविरुद्ध तुर्कांचें मन वळविण्याचा चंग बांधला. कुवेत नांवाला तरी सुलतानाच्या अमलाखालीं होतें. तेव्हां मुबारकनें दोन्ही दारें ठोठावलीं. सुलतानाकडून त्यानें कायमकाम हा हुद्दा पदरांत पाडून घेतला, आणि बुशहर येथील इंग्रज रेसिडेंटाकडे संरक्षणाची याचनाही केली. १८९७ सालीं इंग्रजांनीं ती नाकारली. ओसाड वाळवंटापायीं सुलतानाशीं वैर कोण पत्करणार?

परंतु दोन वर्षांतच वारा फिरला. भूमध्य समुद्रापासून कुवेतपर्यंत लोहमार्ग नेण्याची एक रशियन योजना निघाली; जर्मनांची बगदाद रेल्वेही आखातांत एखादें बंदर शोधणार, हें उघड होतें. हिंदुस्थानच्या वाटेवर परक्यांचें ठाणें पडेल या भीतीनें इंग्रज जागे झाले, आणि २३ जानेवारी १८९९ रोजीं कर्नल मीड यानें मुबारकशीं गुप्त करार केला. इंग्रज सरकारच्या संमतीवांचून कोणत्याही सत्तेचा वकील ठेवून घ्यावयाचा नाहीं, व आपल्या मुलखाचा कोणताही भाग विकावयाचा, गहाण टाकावयाचा किंवा भाड्यानें द्यावयाचा नाहीं, असें मुबारकनें स्वतःस व आपल्या वारसांस बांधून घेतलें. मोबदला पंधरा हजार रुपये! संरक्षणाचें स्पष्ट वचन करारांत नव्हतें. वेगळ्या पत्रांत केवळ साह्याचें मोघम आश्वासन होतें.

सौदा फसला असें वाटतें ना, वाचकहो? पुढील हकीकत ऐका. १९०० सालीं जर्मन मंडळ रेल्वेसाठीं जागा पाहण्यास आलें व रिकाम्या हातानें परतलें. १९०१ च्या मार्चमध्यें सरीफच्या रणांगणावर इब्न रशीदनें मुबारकच्या सैन्याची दाणादाण उडविली. कुवेत गेलेंच असें सर्वांना वाटलें. त्याच वर्षीं तुर्कांचें जहाज सैन्य उतरविण्यास आलें, तों समोर इंग्रजांची युद्धनौका उभी! जें करारांत नव्हतें तें मुबारकला प्रसंगानें मिळवून दिलें. १९०३ सालीं लॉर्ड कर्झन स्वतः कुवेतास आला, तेव्हां शेखानें त्याच्या स्वागतासाठीं मुंबईहून घोडागाडी आणविली होती. पुढच्या वर्षीं तेथें इंग्रज एजंट नेमला गेला, आणि १९०७ सालीं शुवैख येथील किनाऱ्याची जागा इंग्रजांना देऊन मुबारकनें वर्षास साठ हजार रुपये बांधून घेतले. आतां तो भाव करावयास शिकला होता.

त्याच्या छायेंत वाढलेला एक तरुण येथें विसरून चालणार नाहीं. रियाधहून परागंदा झालेल्या सऊद घराण्याचा अब्दुल अझीझ कुवेतांतच राहत होता. तेथूनच निघून त्यानें १९०२ सालीं रियाध परत घेतलें, व पुढें सौदी अरबस्तानाचें राज्य स्थापिलें.

प्रजेवर मात्र कर भारी होते. १९१० सालीं त्यांना कंटाळून मोत्यांचे मोठे व्यापारी गांव सोडून गेले, आणि करड्या मुबारकला त्यांची मनधरणी करावी लागली. त्याहून मोठा धक्का मित्राकडूनच बसला. जुलै १९१३ मध्यें इंग्रजांनीं लंडन येथें तुर्कांशीं तह केला. त्यांत कुवेत हा सुलतानाच्या राज्याचा स्वायत्त जिल्हा ठरला, व तेथें तुर्कांचा प्रतिनिधि राहावा असेंही मान्य झालें. ज्याच्या राज्याचा हा निवाडा, त्याला विचारलेंही नव्हतें. चौदा वर्षें शब्द पाळणाऱ्या वृद्ध शेखास हें किती झोंबलें असेल! तो तह कायम होण्यापूर्वींच महायुद्ध पेटलें. तुर्कांविरुद्ध मुबारकची गरज भासतांच, नोव्हेंबर १९१४ मध्यें, इंग्रजांनीं कुवेत हें आपल्या संरक्षणाखालील स्वतंत्र राज्य असल्याचें लिहून दिलें. सतरा वर्षांपूर्वीं नाकारलेली गोष्ट ती हीच.

पुढें एकच वर्ष, म्हणजे नोव्हेंबर १९१५ मध्यें, मुबारक वारला. त्याचा करार त्याच्या मागें सेहेचाळीस वर्षें जगला. १९ जून १९६१ रोजीं त्याचा नातू शेख अब्दुल्ला यानें इंग्रजांच्या संमतीनें तो संपुष्टांत आणला. दुसऱ्या वर्षीं कुवेतची राज्यघटना झाली. गादी मुबारकच्या वंशजांकडेच राहावी असें तिच्या चौथ्या कलमांत लिहिलें आहे. महंमद व जर्राह यांच्या वंशाचा त्यांत उल्लेख नाहीं.