जॉन स्नो आणि विहिरीचे पाणी

विहिरीपासून शोषखड्डा किती अंतरावर असावा, हा प्रश्न इन्सुलीसारख्या कोकणी गावात घर बांधताना आजही निघतो. त्याचे पहिले पुराव्यानिशी उत्तर ज्यांच्या खटपटीतून मिळाले, ते डॉ. जॉन स्नो १८१३ साली यॉर्क येथे एका मजुराच्या घरी जन्मले. न्यूकॅसलला उमेदवारी करीत असताना १८३१-३२ च्या साथीत त्यांनी कोळशाच्या खाणीतील पटकीचे रोगी पाहिले. पटकी दूषित हवेने पसरते, अशी तेव्हा जाणत्यांचीही समजूत होती. आतड्यांत उद्भवणारा रोग श्वासावाटे कसा शिरेल, ही स्नो यांची शंका. १८४९ साली ती त्यांनी पुस्तिकारूपाने मांडली.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी घरोघर जाऊन मृतांचे पाणी कोठले, याची चौकशी केली. शेजारच्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यातील कामगार तगले होते. ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा केवळ चवीखातर तेथले पाणी मागवी, ती गेली. ८ सप्टेंबरला ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तेव्हा ओसरू लागली होती, हेही खरे. पुढल्या वर्षी खणून पाहता लगतच्या घराचा मैलाखड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर झिरपत असल्याचे आढळले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे. दक्षिण लंडनमध्ये दोन खासगी कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून जात. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी थेम्सच्या वरच्या, स्वच्छ प्रवाहातून घेण्यास आरंभ केला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल शहराच्या सांडपाण्यातूनच उपसत राहिली. दर दहा हजार घरांमागे पहिलीकडे ३७ मृत्यू, दुसरीकडे ३१५. वाचलेला खर्च कंपनीचा होता, मेलेली माणसे गिऱ्हाइकांची.

याच स्नो यांनी १८५५ साली हाडे उकळणाऱ्या व गॅसच्या कारखान्यांच्या बाजूने संसदीय समितीपुढे साक्ष दिली. त्यांच्या दुर्गंधीने साथी पसरत नाहीत, हे म्हणणे साथीपुरते बरोबर होते. पण सावकाश भिनणारे विष त्या हिशेबात नव्हते. डोंबिवली वा तारापूरसारख्या रासायनिक वसाहतींच्या भूजलाला नेमका तोच हिशेब लागतो. तेथे दहा दिवसांत मृतांची यादी होत नाही, वर्षे लागतात.

१८५८ साली, वयाच्या ४५ व्या वर्षी, स्नो वारले. सरकारी आरोग्य मंडळाने त्यांचा सिद्धांत तोवर मानला नव्हता. कॉख यांनी कलकत्त्याच्या एका तळ्यात पटकीचा जंतू दाखविला तो १८८४ मध्ये.