डोळ्यांना दिसलं म्हणजे कळलं का? अजिंठ्यात राहून गेलेल्या दिङ्नागांची गोष्ट

जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेली एसटी पहूरला थांबते. पुढे वाकोद, मग फर्दापूर आणि तिथून अजिंठा लेणी. पर्यटक तिथे चित्रं पाहायला जातात. पण याच लेण्यांत एकेकाळी एक भिक्खू मुक्कामाला असायचे, असं मानलं जातं. एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे, असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला. त्यांचं नाव आचार्य दिङ्नाग.

कोण होते दिङ्नाग?

त्यांचा काळ साधारण इ.स. ४८० ते ५४० मानला जातो. तिबेटी परंपरेनुसार ते दक्षिणेत कांचीजवळच्या ब्राह्मण कुटुंबात जन्मले आणि पुढे बौद्ध संघात गेले. त्यांचे पहिले गुरू वात्सीपुत्रीय पंथाचे होते. माणसात एक 'मी' असतो, तो देह-मनाहून वेगळाही नाही आणि तेच म्हणजे तोही नाही, तो शब्दांत सांगता येत नाही, असं हा पंथ मानत असे. गुरूंनी दिङ्नागांना तोच शोधायला सांगितलं.

याबद्दल एक कथा सांगतात. दिङ्नागांनी दिवसा सगळ्या खिडक्या उघडल्या, रात्री चारही बाजूंना दिवे लावले, अंगावरचे कपडे उतरवले आणि स्वतःला आतून-बाहेरून तपासत बसले. गुरूंनी विचारलं तेव्हा उत्तर साधं होतं: माझी नजर कमी पडत असेल, म्हणून सगळा उजेड करून पाहतोय. गुरूंना यात आपल्या मताची थट्टा दिसली आणि त्यांनी शिष्याला बाहेर काढलं. त्यानंतर दिङ्नाग थोर आचार्य वसुबंधू यांच्याकडे शिकले, असं परंपरा सांगते.

अजिंठ्याशी संबंध काय?

चिनी प्रवासी ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता. राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरात एक भव्य विहार आहे, त्याच्या दाराबाहेर दोन दगडी हत्ती आहेत आणि दिङ्नाग तिथे वरचेवर राहत, अशी नोंद त्याने केली आहे. हा विहार म्हणजे अजिंठाच, असं अनेक अभ्यासक मानतात. १६ क्रमांकाच्या लेण्याकडे चढताना दोन हत्ती आजही दिसतात.

ज्ञानाची साधनं फक्त दोन

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानत होतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. दिङ्नागांनी यातली दोनच ठेवली, प्रत्यक्ष आणि अनुमान.

प्रत्यक्षाची त्यांची व्याख्या कडक आहे. जामनेर भागातल्या शेतात लांबून काहीतरी पांढरं दिसतं. डोळ्यांनी दिलं ते एवढंच. हा कापूस आहे, हे मनाने जोडलं. नाव, जात, प्रकार ही सगळी मनाची भर. ती भर पडण्याआधीचं जे ज्ञान, तेच दिङ्नागांच्या लेखी प्रत्यक्ष. चूक होते ती सहसा मन भर घालतं तेव्हा.

आणि शब्दाचं काय? कुणी सांगितलं म्हणून ते आपोआप ज्ञान ठरत नाही. सांगणारा भरवशाचा आहे का, हे आपण तपासतो आणि त्यावरून निष्कर्ष काढतो. म्हणजे तेही अनुमानच. आणि अनुमान म्हटलं की त्याला परीक्षा आलीच.

अनुमानाच्या तीन चाचण्या

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. हे अनुमान पक्कं कधी?

१. धूर खरोखर त्या डोंगरावर आहे का?
२. जिथे आग असते तिथे धूर दिसल्याचं उदाहरण आहे का? आहे, चुलीवर दिसतो.
३. जिथे आग नसते, उदाहरणार्थ तळ्यात, तिथे धूर कधीच नसतो ना?

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि माणसं नेमकी तीच विसरतात.

आज याचं काय?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर पसरले होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं जमावाने ठेचून मारली.

दिङ्नागांच्या चाचण्या इथे लावून पाहा. डोळ्यांना दिसली होती ती फक्त अनोळखी माणसं. मुलं पळवणारे, ही मनाची भर होती आणि तिला आधार होता कुणीतरी पाठवलेल्या मेसेजचा. तो मुळात कुणी लिहिला, हे वाचणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तिसरी चाचणी तर उघड फसते. मुलं न पळवणारी अनोळखी माणसं रोज गावात येतात: भांडी विकणारे, भिक्षेकरी, बाजाराला आलेले. अनोळखी असणं हा कशाचाच पुरावा नव्हता.

पुसलेल्या ओळी

स्वतः दिङ्नागांनाही न ऐकणारी माणसं भेटली. तिबेटी कथेनुसार ते ओडिशातल्या एका गुहेत राहत होते. 'प्रमाणसमुच्चय' या ग्रंथाची सुरुवात त्यांनी खडूने भिंतीवर लिहिली. ते भिक्षेला गेले की एक प्रतिस्पर्धी येऊन ती पुसून टाकी. दोनदा असं झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी खाली निरोप लिहिला: थट्टा असेल तर थांबव, आक्षेप असेल तर समोर येऊन वाद घाल. तो आला, हरला आणि चिडून त्याने दिङ्नागांचं सामान जाळलं. एका माणसालाही पटवता येत नसेल तर जगाला काय पटवणार, असं वाटून ते सगळं सोडायला निघाले. तेव्हा बोधिसत्त्व मंजुश्रीने त्यांना थांबवलं, असं कथा सांगते.

ग्रंथ पूर्ण झाला. पुढे धर्मकीर्तींनी त्यावरच 'प्रमाणवार्तिक' उभारलं आणि न्यायपंथाच्या उद्योतकरांना दिङ्नागांना उत्तर देण्यासाठी 'न्यायवार्तिक' लिहावं लागलं. दिङ्नागांचा मूळ संस्कृत ग्रंथ आपल्याकडे टिकला नाही, तो मुख्यतः तिबेटी भाषांतरांतून जगाला कळला.

पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी दिङ्नागांचे दोन प्रश्न स्वतःला विचारता येतील. यातलं मी स्वतः काय पाहिलं? आणि उरलेलं कशाच्या जोरावर मानतोय?