शेठ प्रेमचंद रायचंद आणि त्यांचे भायखळा

कार्तिकी पौर्णिमेस मुंबईत असण्याचा योग ज्यांना आला, त्यांनी भायखळ्याच्या मोतीशा शेठांच्या आदिनाथ मंदिरातील गर्दी पाहिली असेलच. शत्रुंजयाला जाऊ न शकणारे भाविक त्या दिवशी येथे यात्रेचे समाधान पावतात. मात्र मंदिराच्या परिसरातच, लव्ह लेनमध्ये, रेजिना पॅसिस कॉन्व्हेंट या संस्थेकडे असलेला जुना बंगला म्हणजे दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद यांचे ‘प्रेमोद्यान’, हे दर्शन घेऊन परतणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

भायखळा हे त्या काळी कोटाबाहेरचे, बागबगीच्यांचे, धनिकांच्या वस्तीचे उपनगर होते. १८५७ चे रेल्वे स्थानक, राणीचा बाग, १८७२ साली खुले झालेले व आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे वस्तुसंग्रहालय, ही सारी त्या वैभवाची साक्ष होय.

शेठजींचा जन्म १८३१ साली सुरत येथे झाला. वडिलांसमवेत ते बालपणीच मुंबईस आले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारे पहिले देशी दलाल अशी त्यांची ख्याती झाली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानच्या कापसाकडे वळावे लागले. आपल्या वऱ्हाडच्या कापसाचे भाग्य तेव्हाच उजळले. आजचा यवतमाळ जिल्हा त्या वेळी वणी जिल्हा म्हणून नुकताच आकारास येत होता. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ साली पोहोचली. तोपर्यंत या भागातील कापसाला बैलगाडीचाच आधार होता.

या कापसाच्या पैशातून मुंबईत सट्ट्याचे वेड पसरले. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मागे शेठजींचा शब्द होता. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेस शेअर्सच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली. शेठजींच्या वजनामुळे तेथून अपुऱ्या तारणावर मोठमोठ्या रकमा बाहेर पडल्या. वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्यास हा व्यवहार कोठे जाणार हे कळावे. पण तेजीत ते कोणासच दिसत नसते. १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलैला, वायद्यांच्या फेडीच्या दिवशी, सारा डोलारा कोसळला. २८५० रुपयांवर चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांस विकला गेला. असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली. खुद्द शेठजींचेही दिवाळे वाजले.

आपल्या लेखनात ही बाजू सहसा झाकली जाते. मला ते योग्य वाटत नाही. व्यापारी माणसाचे चरित्र लिहावयाचे तर जमेबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे.

आता जमेकडे पाहू. १८६४ साली, तेजीच्या भरात, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव द्यावे, ही त्यांची इच्छा. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. १८६९ साली पायाभरणी होऊन १८७८ साली २८० फुटांचा मनोरा पूर्ण झाला. त्यावर पश्चिम हिंदुस्थानातील विविध जातिजमातींचे २४ पुतळे आहेत. मातोश्रींची दृष्टी गेली होती, चौविहाराची वेळ चुकू नये म्हणून पुत्राने हे घड्याळ उभारविले, अशी आख्यायिका आपल्याकडे श्रद्धेने सांगतात. कोटातील घंटा भायखळ्यास ऐकू जात असेल का, हा प्रश्न माझ्या मनात नेहमी येतो. परंतु घराघरांत सूर्यास्ताकडे लक्ष ठेवून जेवणाऱ्या माता आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत.

कोसळणीनंतरही १८६६ साली त्यांनी कलकत्ता विद्यापीठास दोन लाख रुपये दिले. घेणेकरी दारात असताना हे दान करावे काय, यावर आजही दोन मते होऊ शकतील. त्यांतून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती १८९७ साली यदुनाथ सरकार यांना मिळाली. शिवचरित्र लिहिणारे इतिहासकार ते हेच.

शेठजी पुन्हा बाजारात उभे राहिले. १८७५ साली स्थापन झालेल्या शेअर दलालांच्या संघाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. आजचा मुंबई शेअर बाजार त्यातूनच वाढला. ३१ ऑगस्ट १९०६ रोजी त्यांचे निधन झाले. राजाबाई टॉवरचे जतनकार्य २०१५ साली पूर्ण झाले आणि २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या इमारतसमूहात त्याचा समावेश आहे.

पुढील कार्तिकीस कोणी भायखळ्यास गेल्यास मंदिरातून निघताना पाच मिनिटे अधिक काढावीत. मात्र वाट विचारताना शेठजींचे नाव घेऊन उपयोग होणार नाही. कॉन्व्हेंट शाळा कोठे, असेच विचारावे लागेल.