पाबळची मस्तानी : राजकन्या की कलावंतीण?

आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकच्या दक्षिणेला, शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. थोरल्या बाजीराव पेशव्यांची मस्तानी येथे चिरविश्रांती घेत आहे. कोणी या जागेला तिची समाधी म्हणतो, कोणी कबर. तिच्या आयुष्याचा सारा पेच या दोन शब्दांतच सामावला आहे.

मस्तानीची कथा सुरू होते बुंदेलखंडात. मोगलांचा सरदार महंमदखान बंगश याने जैतपूरच्या परिसरात वृद्ध राजा छत्रसाल याची कोंडी केली होती. १७२९च्या मार्चमध्ये बाजीराव मोठ्या फौजेनिशी तेथे पोहोचले आणि बंगशाला माघार घ्यावी लागली. या उपकाराची जाणीव ठेवून छत्रसालाने बाजीरावांना पुत्र मानले आणि आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा देऊ केला. बुंदेलखंडातील परंपरेनुसार मस्तानी ही छत्रसालाची त्याच्या मुस्लिम पत्नीपासून झालेली कन्या. राजा प्रणामी पंथाचा अनुयायी होता आणि हिंदू व इस्लामी विचारांचा मेळ हे त्या पंथाचे वैशिष्ट्य. अशा घरात वाढलेल्या मुलीला धर्माची भिंत पुण्याइतकी उंच वाटली नसावी.

पुण्यात मात्र तिची ओळख बदलली. ती नाचगाण्यात निपुण होती, घोड्यावर बसत असे, मोहिमेवर पतीसोबत जात असे. मराठी लेखनात तिला बहुधा कलावंतीण ठरविले गेले. काही कथांत तर ती निजामाच्या दरबारातून आल्याचे सांगितले जाते. द. ग. गोडसे यांनी ‘मस्तानी’ या ग्रंथात या दंतकथांची झाडाझडती घेतली. विड्याचा रस गळ्यातून उतरताना दिसे, ही आख्यायिका तर इतक्या सौंदर्यवतींच्या नावावर जमा आहे की तिचा इतिहासाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पुण्यातील दूध-आइस्क्रीमच्या पेयालाही तिचेच नाव आहे. दंतकथेतील या सौंदर्यवतीपुढे हाडामांसाची मस्तानी मागेच पडली.

बाजीरावांनी तिला शनिवारवाड्यात जागा दिली. पाबळ, केंदूर, लोणी ही गावे तिला इनाम दिल्याचे सांगतात. १७३४मध्ये तिला पुत्र झाला. त्याचे नाव कृष्णराव ठेवून मुंज करण्याचा पेशव्यांचा मानस होता, असे म्हणतात. ब्रह्मवृंदाचा विरोध आड आला आणि मुलगा समशेरबहादूर या नावानेच वाढला. दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारणारा सेनानी स्वतःच्या मुलासाठी एक धार्मिक संस्कार मिळवू शकला नाही.

घरातला विरोध पुढे उघड झाला. बंधू चिमाजीअप्पा आणि थोरले चिरंजीव नानासाहेब यांनी १७३९-४०च्या हिवाळ्यात, बाजीराव मोहिमेवर असताना, मस्तानीला नजरकैदेत ठेवले. तिच्यावर सक्ती होऊ नये, असा शाहू छत्रपतींचा कल असल्याचे तत्कालीन पत्रव्यवहारातून दिसते. फेब्रुवारी १७४०मध्ये पुण्यात कुटुंबातील मंगलकार्ये पार पडली, पण बाजीराव त्यांना उपस्थित नव्हते. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे त्यांचे निधन झाले आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिने विष घेतले की धक्क्याने प्राण सोडला, यावर मतभेद आहेत. सती गेल्याच्या कथेला मात्र पाबळची कबरच उत्तर देते.

यानंतरचा भाग क्वचितच सांगितला जातो. सवत म्हणून जिची प्रतिमा नाटक-सिनेमांनी रंगविली त्या काशीबाईंनी पोरक्या समशेरचा सांभाळ केला. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने आणि २०१५च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटाने प्रेमकथा घरोघरी नेली, पण त्या कथेचा पुढचा वंश वाचकांना फारसा ठाऊक नसतो. समशेरबहादूर १७६१मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला आणि जखमी अवस्थेत भरतपूरच्या जाटांच्या मुलखात मरण पावला. वय अवघे सत्तावीस वर्षांच्या आसपास. त्याचा पुत्र अलीबहादूर याने बुंदेलखंडात, म्हणजे आजीच्याच माहेरच्या प्रांतात, बांद्याचे राज्य उभे केले. याच घराण्यातील नबाब दुसरा अलीबहादूर १८५७च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभा राहिला आणि बांद्याची गादी गमावून बसला.