विश्लेषण : विश्वासघाताचा ठपका पुसायला टिळकांना १४ वर्षे का लागली?

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले सर्वांना ठाऊक आहेत. मात्र त्यांना सर्वाधिक काळ कोर्टाची पायरी चढावी लागली ती एका मित्राच्या घरगुती इस्टेटीपायी. ताईमहाराज प्रकरण म्हणून ते ओळखले जाते.

विश्वस्तपद कसे आले?

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबामहाराजांच्या पत्नी ताईमहाराज अल्पवयीन आणि गरोदर होत्या. मुलगा झाला, पण तो दोनेक महिन्यांतच दगावला. अशा वेळी विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात होते. इस्टेटीवर कर्ज होते. तुरुंगातून सुटल्यावर टिळकांनी खर्चाला कात्री लावली आणि तेथूनच कुरबुरी सुरू झाल्या.

वाद कशावरून पेटला?

जून १९०१ मध्ये औरंगाबादेत पंडितांच्या भाऊबंदांपैकी जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. पुढे ताईमहाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. औरंगाबादेत आपल्यावर दडपण आणल्याचा त्यांच्या बाजूचा दावा होता. विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करावे, असा अर्जही झाला.

आरोप कोणते होते?

पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी कारवाईसाठी प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे धाडले. खोटी साक्ष, खोटा पुरावा तयार करणे असे आरोप होते. पैसे खाल्ल्याचा ठपका नसला, तरी पदाच्या आडून विधवेला फसवल्याचा रोख स्पष्ट होता. खोट्या साक्षीबद्दल ऑगस्ट १९०३ मध्ये १८ महिने सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेन्किन्स यांच्या उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष सोडले.

मग प्रकरण १९१५ पर्यंत का चालले?

फौजदारी खटला संपला, तरी दत्तक खरा कोणता, हा दिवाणी प्रश्न उरला. पुण्याच्या न्यायालयात १९०६ मध्ये टिळकांची सरशी झाली. ते मंडालेत असताना १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. अखेर मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान वैध ठरवले.

यातून काय दिसते?

विश्वस्ताच्या हाती दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याचे भवितव्य असते. ताब्यातील मालमत्तेचा अपहार हा फौजदारी विश्वासघात ठरतो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ खाली येई, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली येतो. पण अपहार नसतानाही संशय घेता येतो, कारण बंद दारांआडचा व्यवहार साक्षीदारांच्या तोंडूनच सिद्ध करावा लागतो. दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्या तरुण विधवेच्या नावाने हे प्रकरण ओळखले जाते, तिला स्वतःच्या घरचा वारस निवडतानाही मृत्युपत्रानुसार परक्या पुरुषांची संमती लागत होती. टिळक कायद्याने निर्दोष ठरले. पण मित्राला दिलेल्या शब्दाची किंमत त्यांनी आयुष्यातली १४ वर्षे मोजली. निकालानंतर पाच वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधन झाले.